शेजारी देशांतील व्यापार आणि उत्पादन-मानके: आधी मानक एक करावे, की एकमेकांचे प्रमाणपत्र मानावे?

मूळ प्रश्न
सदस्य: टिपणकार

नमस्कार. शेजारी देशांमधील व्यापारात उत्पादन-मानकांच्या भिन्नतेमुळे जे अडथळे येतात, त्यांवर एक टिपण तयार करण्याचे काम माझ्याकडे आले आहे. विषय हाती घेताना तो सरळ वाटला होता. वाचत गेलो तसतसा तो गुंतत गेला, म्हणून जाणकारांना विचारतो आहे.

दोन शेजारी देशांनी करार करून बहुतेक वस्तूंवरील आयातशुल्क शून्यावर किंवा जवळपास शून्यावर आणले, तरी माल सीमेवर थांबतोच. एका देशात तपासून, प्रमाणित होऊन निघालेली वस्तू दुसऱ्या देशात पुन्हा तपासावी लागते, तिच्यावर वेगळे चिन्ह लावावे लागते, वेष्टनावरचा मजकूर बदलावा लागतो. यावर उपाय म्हणून प्रत्येक अहवालात ‘मानकांचे एकसूत्रीकरण’ हा शब्द येतो. परंतु त्याचा अर्थ नेमका काय, याविषयी मला शंका आहेत. दोन्ही देशांनी एकच मानक शब्दशः स्वीकारले, तर अडथळा खरोखर जातो का? एकसूत्रीकरणाऐवजी परस्पर मान्यतेचा मार्ग धरला, म्हणजे ‘तुमच्याकडे जे विकण्यास योग्य ते आमच्याकडेही योग्य’ असे म्हटले, तर ज्या देशाचे नियम सैल त्याच्याकडूनच सगळा माल येऊ लागेल, ही भीती कितपत खरी आहे? आणि शेवटची शंका जरा राजकीय आहे: एक देश मोठा आणि दुसरा लहान असेल, तर ‘समान मानक’ म्हणजे व्यवहारात मोठ्याचेच मानक, असे होत नाही का?

या मार्गांपैकी कोणता आधी धरावा, एवढे ठरवता आले तरी माझे टिपण उभे राहील.


प्रतिसाद १
सदस्य: काटामाप

मी अनेक वर्षे एका चाचणी प्रयोगशाळेत काम केले आहे, त्यामुळे माझे उत्तर त्या खिडकीतून दिसणारे आहे, हे आधीच सांगतो.

आपल्या प्रश्नात ‘मानक’ हा एकच शब्द तीन वेगळ्या गोष्टींसाठी आला आहे, आणि बराचसा गुंता तिथूनच सुरू होतो. जागतिक व्यापार संघटनेबरोबर १ जानेवारी १९९५ पासून अमलात आलेल्या ‘व्यापारातील तांत्रिक अडथळे’ या करारात त्यांची फोड केलेली आहे. मानक हे ऐच्छिक असते. ते पाळले नाही म्हणून कोणी खटला भरत नाही. तांत्रिक नियम हा कायद्याने बंधनकारक असतो, मग तो एखाद्या मानकाचा हवाला देऊन का केलेला असेना. आणि तिसरी गोष्ट म्हणजे अनुरूपता मूल्यमापन: वस्तू नियमाप्रमाणे आहे हे कोण, कुठे, कसे तपासणार आणि त्याचा कागद कोण देणार. माल सीमेवर थांबतो तो बहुतेक वेळा या तिसऱ्या गोष्टीपायी, आणि चर्चा मात्र पहिल्या गोष्टीची होते.

घरगुती विद्युत उपकरणांचे उदाहरण घ्या. त्यांच्या सुरक्षिततेसाठी आंतरराष्ट्रीय विद्युततंत्र आयोगाची ६०३३५ ही मानकमाला आहे आणि जगातील बहुसंख्य देशांची राष्ट्रीय मानके तिच्यावरूनच घेतलेली आहेत. म्हणजे कागदावर एकसूत्रीकरण झालेलेच आहे. तरीही तेच उपकरण दोन देशांत दोनदा तपासले जाते. यामागची काही कारणे मजकुरातच दडलेली असतात. आंतरराष्ट्रीय मानक राष्ट्रीय म्हणून स्वीकारताना ते जसेच्या तसे घेता येते, फेरफारासह घेता येते, किंवा नुसता आधार म्हणून घेऊन असमतुल्य असे वेगळे मानक करता येते. दोन्ही देश ‘आम्ही आंतरराष्ट्रीय मानक पाळतो’ असे खरेपणाने सांगत असतात. पण एकाने जुनी आवृत्ती घेतलेली असते, दुसऱ्याने नवी, आणि एकाने मागे राष्ट्रीय परिशिष्ट जोडून चार कलमे बदललेली असतात. आपल्या टिपणात तुलना करायचीच असेल, तर मानकाच्या क्रमांकावर थांबू नका. आवृत्तीचे वर्ष आणि परिशिष्ट पाहा.

मात्र समजा, दोन्ही मजकूर अक्षरशः एक आहेत. तरीही दुसऱ्या देशाचा अधिकारी पहिल्या देशाच्या प्रयोगशाळेचा अहवाल मान्य करीलच असे नाही, कारण ती प्रयोगशाळा त्याच्या यादीत नाही. मग नमुना पाठवा, रांगेत थांबा, शुल्क भरा, आणि योजनेत कारखान्याची पाहणी असेल तर निरीक्षकाच्या प्रवासाचा खर्चही उत्पादकाने उचलावा. मोठ्या उत्पादकाला हा खर्च लाखो नगांवर वाटता येतो. लहान उत्पादकाची पहिलीच खेप दोनशे नगांची असेल, तर तोच खर्च त्याच्या नफ्याला पुरून उरतो, आणि तो निर्यातीचा नाद सोडतो. सीमेवर अडलेल्या मालाची नोंद तरी होते. न पाठवलेल्या मालाची नोंद कुठेच होत नाही.

म्हणून माझे मत असे की, आधी चाचणी-अहवालांना मान्यता, मग मजकुराची एकवाक्यता. वरील करारातही देशांनी शक्य तेथे एकमेकांच्या मूल्यमापनाचे निकाल स्वीकारावेत, असे म्हटले आहेच. पण त्यासाठी आधी प्रयोगशाळांच्या क्षमतेची खात्री असावी लागते, आणि खरे काम तिथेच आहे.


प्रतिसाद २
सदस्य: जुने दप्तर

काटामाप यांचे म्हणणे मला पटते, पण त्यात इतिहासाची थोडी भर घालावीशी वाटते. हाच पेच युरोपमध्ये जवळजवळ तीस वर्षे चालला होता आणि त्यात जे प्रयोग झाले ते आपल्या टिपणाला उपयोगी पडतील.

युरोपीय आर्थिक समुदाय स्थापन करणाऱ्या १९५७ च्या रोमच्या करारानंतर शुल्काच्या भिंती ठरल्याप्रमाणे पडल्या, आणि त्या पडल्यावर आतले कुंपण दिसू लागले. सुरुवातीचा उपाय म्हणजे प्रत्येक उत्पादनासाठी सर्व देशांना लागू होणारा एक तपशीलवार नियम करणे. तो एकमताने संमत व्हावा लागे. परिणामी एकेका वस्तूवर वर्षानुवर्षे बैठका चालत, आणि नियम तयार होईपर्यंत ते तंत्रज्ञानच मागे पडलेले असे. संपूर्ण, तपशीलवार एकसूत्रीकरण हा मार्ग किती संथ आहे, याचा हा सर्वांत मोठा पुरावा आहे, आणि तो अशा देशांतला आहे जिथे इच्छाशक्ती, पैसा आणि तज्ज्ञ यांपैकी कशाचीही वाण नव्हती.

कोंडी फोडली ती युरोपीय समुदायाच्या न्यायालयाने. फ्रान्समध्ये कायदेशीरपणे विकले जाणारे ‘कासिस द दीझाँ’ हे फळांचे मद्य जर्मनीत विकता येत नव्हते, कारण तेथील नियमाप्रमाणे अशा मद्यात किमान २५ टक्के अल्कोहोल असणे आवश्यक होते आणि यात ते १५ ते २० टक्केच होते. जर्मन सरकारने बचाव असा केला की, सौम्य मद्याची सवय लवकर लागते, म्हणून सार्वजनिक आरोग्यासाठी किमान मर्यादा हवी. (कडक मद्य आरोग्याला बरे, असा त्याचा अर्थ होतो, न्यायालयाला तो पटला नाही, यात नवल नाही.) २० फेब्रुवारी १९७९ च्या निकालाने तत्त्व घालून दिले की, एका सदस्य देशात कायदेशीरपणे तयार होऊन विक्रीस आलेली वस्तू दुसऱ्या सदस्य देशाने अडवू नये, अडवायचीच असेल, तर आरोग्य, ग्राहकसंरक्षण यांसारखे सबळ कारण दाखवावे, आणि उपायही त्या कारणाच्या प्रमाणात असावा. ग्राहकाची फसगत होऊ नये एवढाच हेतू असेल, तर लेबलावर प्रमाण छापले तरी काम भागते.

यातून धडा घेऊन ७ मे १९८५ रोजी युरोपीय मंत्रिपरिषदेने ‘नवा दृष्टिकोन’ म्हणून ओळखला जाणारा ठराव केला. कायद्यात फक्त अत्यावश्यक अटी लिहायच्या: खेळण्याने मुलाचा श्वास कोंडता कामा नये, यंत्राच्या फिरत्या भागात हात अडकता कामा नये. या अटी कशा पूर्ण करायच्या याचा तांत्रिक तपशील युरोपीय मानक-संस्थांवर सोपवायचा. ते मानक पाळणे ऐच्छिक. पण पाळले तर कायद्याची अट पूर्ण झाली असे गृहीत धरले जाते, आणि न पाळता वेगळ्या रीतीने अट पूर्ण केली तर ती सिद्ध करण्याची जबाबदारी उत्पादकाची. वस्तू या अटींना उतरते असे सांगणारे ‘सीई’ चिन्ह याच रचनेतले आहे. ही रचना मला आजही फार हुशारीची वाटते, कारण तीत राजकीय सहमती लागते ती मोजक्या वाक्यांवर. स्क्रूच्या आट्यांवर संसदेत मतदान घ्यावे लागत नाही.

आता टिपणकार यांच्या दुसऱ्या शंकेकडे येतो. सैल नियमांच्या देशातून मालाचा पूर येईल ही भीती निराधार नाही, पण ती सर्व वस्तूंना सारखी लागू होत नाही. म्हणूनच युरोपने दोन्ही मार्ग ठेवले: जिथे धोका मोठा, तिथे समान अत्यावश्यक अटी, जिथे फरक केवळ सवयीचा किंवा परंपरेचा, तिथे परस्पर मान्यता. मात्र नुसत्या परस्पर मान्यतेचा अनुभव फारसा सुखाचा नाही. तत्त्व कायद्यात असले तरी ठाण्यावरच्या अधिकाऱ्याला ते ठाऊक नसते किंवा त्याला धोका पत्करायचा नसतो, आणि व्यापाऱ्याला न्यायालयात जाण्यापेक्षा पुन्हा चाचणी करून घेणे स्वस्त पडते. निकालानंतर चाळीस वर्षांनी, २०१९ मध्ये, युरोपला त्यासाठी नवा नियम करून व्यापाऱ्याने स्वतः द्यावयाच्या घोषणापत्राची सोय करावी लागली, यावरूनच काय ते समजावे.

आणि हे सर्व एका समान न्यायालयाच्या छायेत घडले. ज्या शेजारी देशांमध्ये असे न्यायपीठ नाही, त्यांनी युरोपचा निकाल उचलून आपल्या करारात टाकला, तर तो केवळ सदिच्छेचा मजकूर ठरण्याची शक्यता अधिक आहे.


प्रतिसाद ३
सदस्य: दुसरी बाजू

वरील दोन्ही प्रतिसाद माहितीपूर्ण आहेत. तरी टिपणकार यांची तिसरी शंका दोघांनीही बाजूला ठेवली, आणि माझ्या मते तीच सर्वांत महत्त्वाची आहे.

शेजारी देश समान बळाचे क्वचितच असतात. ज्याची बाजारपेठ मोठी, त्याच्या मानकाप्रमाणे माल काढणे लहान देशाच्या उत्पादकाला तसेही भाग असते. करार झाला काय किंवा न झाला काय, कारखान्यातली यंत्रे मोठ्या बाजारपेठेच्या मापाला लावली जातात. ब्रिटनसारख्या मोठ्या अर्थव्यवस्थेलाही हे चुकले नाही. युरोपीय संघातून बाहेर पडल्यावर त्या देशाने ‘यूकेसीए’ हे स्वतःचे चिन्ह काढले, ते सक्तीचे करण्याची मुदत वारंवार पुढे ढकलली, आणि अखेर ऑगस्ट २०२३ मध्ये बहुतांश उत्पादनांसाठी ‘सीई’ चिन्ह अनिश्चित काळ मान्य राहील असे जाहीर केले. स्वतःच्या चिन्हासाठी दुसऱ्यांदा खर्च करण्यास उत्पादक तयार नव्हते. ज्याला ‘समान मानक’ म्हणतात ते अनेकदा असे, न सांगता स्वीकारलेले, शेजाऱ्याचे मानक असते.

दुसरा मुद्दा असा की, एकसूत्रीकरण वरच्या पातळीवर होते तेव्हा त्याची किंमत कोण देतो, हे पाहिले जात नाही. कठोर मानक ग्राहकाच्या हिताचे असू शकते, हे मला मान्य आहे. परंतु ज्या उत्पादकाकडे चाचणीची सोय शंभर मैलांवरही नाही, त्याच्यासाठी ते मानक म्हणजे बाजारातून बाहेर जाण्याची नोटीस असते. आणि हे केवळ निर्यातदाराचे होत नाही. मानक देशांतर्गत विक्रीलाही लागू झाले की, ज्याने कधी सीमा ओलांडली नाही तोही त्यात सापडतो.

तिसरे म्हणजे, समान मानक असूनही अडवणूक होतेच. पूर्व आफ्रिकी समुदायाने मानके, गुणवत्ता हमी, मापनशास्त्र आणि चाचणी यांविषयीचा समान कायदा २००६ मध्ये केला, आणि मक्याचे समान पूर्व आफ्रिकी मानकही केले. त्यात एकूण अफ्लाटॉक्सिनची (बुरशीमुळे धान्यात तयार होणाऱ्या विषाची) मर्यादा दर अब्ज भागांत १० भाग अशी आहे. तरीही मार्च २०२१ मध्ये केनियाने याच विषाचे कारण देऊन युगांडा आणि टांझानियातून येणारा मका सीमेवर थांबवला. काही दिवसांत बंदी उठली. पण आयातदारांची नोंदणी आणि प्रत्येक खेपेबरोबर अनुरूपता प्रमाणपत्र या अटी त्या जागी आल्या. केनियाची आरोग्याची काळजी खोटी होती, असे मला म्हणायचे नाही. अफ्लाटॉक्सिन यकृताच्या कर्करोगाला कारणीभूत ठरते. माझा मुद्दा एवढाच की, मर्यादा समान असल्याने प्रश्न सुटला नाही. मका त्या मर्यादेत आहे हे कोणाच्या शब्दावर मानायचे, हा प्रश्न तसाच उभा राहिला.


प्रतिसाद ४
सदस्य: काटामाप

‘दुसरी बाजू’ यांनी दिलेले उदाहरण माझ्याच मुद्द्याला बळ देते, असे मला वाटते. पण त्यात एक तांत्रिक पेच आहे, तो सहसा धोरणाच्या चर्चेत येत नाही म्हणून सविस्तर सांगतो.

मर्यादा १० ची आहे असे समजू. एका प्रयोगशाळेला ९.२ हा आकडा मिळाला आणि तिच्या मापनातील अनिश्चितता अधिक-उणे १.५ आहे. माल उत्तीर्ण की अनुत्तीर्ण? एक प्रयोगशाळा म्हणेल, आकडा १० च्या खाली आहे, उत्तीर्ण. दुसरी म्हणेल, खरी किंमत १०.७ पर्यंत असू शकते, म्हणून आम्ही उत्तीर्ण म्हणणार नाही. दोघींचे मानक एक, उपकरण एक, आकडाही एक, आणि निकाल उलटे. अनिश्चितता धरून निकाल कसा द्यायचा, या नियमाला निर्णयनियम म्हणतात, आणि प्रयोगशाळांच्या क्षमतेविषयीच्या आयएसओ/आयईसी १७०२५ या मानकाच्या २०१७ च्या आवृत्तीत, अनुरूपतेचे विधान करताना कोणता निर्णयनियम वापरला हे स्पष्ट करणे आवश्यक केले आहे. पण दोन देशांनी तो समान ठरवलेला नसेल, तर स्पष्ट केलेले दोन वेगळे नियम समोरासमोर येतात, एवढेच.

त्याहून मोठा घोटाळा नमुन्याचा. अफ्लाटॉक्सिन धान्यात सारखे पसरलेले नसते. थोडे दाणे अतिशय दूषित आणि बाकीचे स्वच्छ, अशी त्याची रीत आहे. त्यामुळे एकाच ट्रकच्या दोन कोपऱ्यांतून काढलेले नमुने पूर्णपणे वेगळे निकाल देऊ शकतात, आणि दोन्ही प्रयोगशाळा आपापल्या जागी अचूक असू शकतात. अशा वेळी निर्यातदार म्हणतो, सीमेवर मुद्दाम नापास केले; आयातदार देश म्हणतो, खोटे प्रमाणपत्र आणले. प्रत्यक्षात दोघांनी नमुना घेण्याची पद्धत एक केलेली नसते. किती ठिकाणांहून, किती वजनाचा, कसा दळून, कसा विभागून नमुना घ्यायचा, हे मानकाच्या मुख्य मजकुराइतकेच महत्त्वाचे आहे.

विश्वासाची यंत्रणा मात्र अस्तित्वात आहे, ती नव्याने उभारावी लागत नाही. प्रयोगशाळेला अधिस्वीकृती, म्हणजे तिची क्षमता तपासून दिलेली मान्यता, देणारी संस्था, अशा संस्थांनी एकमेकींचे केलेले मूल्यमापन, आणि त्यावर आधारलेली २००० सालची आंतरराष्ट्रीय परस्पर मान्यता व्यवस्था, अशी ती साखळी आहे. विद्युत उपकरणांसाठी तर ‘सीबी योजना’ आहे: एका सदस्य संस्थेचा चाचणी-अहवाल दुसऱ्या देशातील सदस्य संस्था आधार म्हणून घेते, आणि त्या देशाचे विशेष फरक तेवढेच वेगळे तपासते. दोष असा की, ही मान्यता अधिस्वीकृती-संस्थांमधली असते. कायदा राबवणारे खाते तिला बांधलेले नसते. त्या खात्याच्या नियमात ‘अधिस्वीकृत परदेशी प्रयोगशाळेचा अहवाल चालेल’ हे एक वाक्य नसेल, तर सारी साखळी त्याच्या दारात येऊन तुटते.


प्रतिसाद ५
सदस्य: टिपणकार

सर्वांचे मनःपूर्वक आभार. माझा प्रश्नच मी चुकीचा मांडला होता, हे आता दिसते. ‘मानक एक करावे की मान्यता द्यावी’ असे विचारण्याऐवजी ‘कोणत्या वस्तूसाठी काय’ असे विचारायला हवे होते.

तरी दोन गोष्टी अजून स्पष्ट झाल्या नाहीत. हवामान, विद्युतदाब, वापराची पद्धत यांतील खरेखुरे फरक आणि ‘खरे’ म्हणून पुढे केलेले सोयीचे फरक वेगळे कसे करावेत? आणि काही देशांत प्रमाणन-शुल्क हे मानक-संस्थेच्या उत्पन्नाचे साधन असते, असे वाचले. तसे असेल तर ती संस्था परस्पर मान्यतेला मनापासून तयार होईल का?


प्रतिसाद ६
सदस्य: मसुदा समिती

मी काही काळ अशा मसुद्यांवर काम केले आहे, म्हणून या दोन प्रश्नांपुरते लिहिते.

शुल्काबद्दल आपली शंका अगदी रास्त आहे. जी संस्था मानक लिहिते, तीच तपासते, तीच चिन्हाचा परवाना देते आणि त्याच शुल्कावर तिचे बरेचसे काम चालते, तिला दुसऱ्याचे प्रमाणपत्र मानायला सांगणे म्हणजे आपल्या हाताने आपले उत्पन्न कमी करायला सांगणे होय. हे बैठकीत कोणी बोलत नाही. बोलले जाते ते ‘ग्राहकांची सुरक्षितता’ या नावाने. यावर उपाय म्हणजे मानक लिहिणे, नियम राबवणे आणि तपासणे ही कामे शक्य तितकी वेगळी करणे, आणि बाजारात उतरलेल्या मालावर देखरेख ठेवण्यासाठी संस्थेला स्वतंत्र निधी देणे. देखरेखीविना मान्यता दिली, तर टिपणकार यांच्या पहिल्या पोस्टमधली भीती खरी ठरू शकते. सीमेवरचे नाके सैल करायचे तर आतली गस्त वाढवावी लागते, आणि तिला पैसा लागतो.

खऱ्या-खोट्या फरकांसाठी ‘व्यापारातील तांत्रिक अडथळे’ करारातच एक चाळणी आहे. आंतरराष्ट्रीय मानक उपलब्ध असेल तर तांत्रिक नियम त्याच्या आधारे करावा. अपवाद करायचा असेल तर ते मानक आपल्या उद्दिष्टासाठी निष्प्रभ किंवा अयोग्य का आहे हे दाखवता आले पाहिजे, आणि हवामान, भौगोलिक परिस्थिती, तंत्रज्ञानाच्या मूलभूत अडचणी ही त्याची उदाहरणे करारात दिलेली आहेत. दमट हवेत विद्युत निरोधनाची अट कडक करणे यात बसते. वेष्टनावरचे चिन्ह डावीकडेच छापले पाहिजे, हे बसत नाही. जो नियम आंतरराष्ट्रीय मानकाशी जुळत नाही आणि ज्याचा व्यापारावर लक्षणीय परिणाम होऊ शकतो, त्याचा मसुदा इतर सदस्यांना आधी कळवावा लागतो. त्यांना मत देण्यासाठी साधारण ६० दिवस द्यावेत, आणि नियम प्रसिद्ध झाल्यावर अमलात येईपर्यंत सामान्यतः किमान ६ महिने जावेत, अशी रीत ठरलेली आहे. शेजारी देशांनी एकमेकांच्या या सूचना नियमितपणे वाचल्या, तरी निम्म्या तक्रारी उगवण्याआधीच मिटतील. प्रत्यक्षात त्या कोणी वाचत नाही, आणि माल अडल्यावर सगळे जागे होतात.

वस्तूंची निवड कशी करावी, यासाठी ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंड यांची व्यवस्था पाहण्यासारखी आहे. १ मे १९९८ पासून लागू असलेल्या त्यांच्या परस्पर मान्यता व्यवस्थेत, एका देशात कायदेशीरपणे विकता येणारी वस्तू दुसऱ्यातही विकता येते, हा सर्वसाधारण नियम. अपवादांची यादी वेगळी. औषधे, घातक रसायने अशा नाजूक गोष्टी त्यांनी त्या नियमाबाहेर ठेवल्या. शिवाय ही मान्यता विक्रीपुरती आहे. वस्तू कशी वापरायची, साठवायची, वाहून न्यायची याचे नियम ज्या त्या देशाचेच राहतात. आरोग्य, सुरक्षितता किंवा पर्यावरणाला धोका दिसल्यास तात्पुरता अपवाद करता येतो, पण त्याला १२ महिन्यांची मुदत आहे. त्या अवधीत कायमचा तोडगा काढावा लागतो. मला यातली सर्वांत शहाणी गोष्ट ही मुदतच वाटते, कारण ‘तात्पुरती’ म्हणून लावलेली अट आपोआप संपत नसेल, तर ती कायमची होते.

याउलट, आग्नेय आशियाने सौंदर्यप्रसाधनांसाठी एकच वर्ग निवडला आणि तो पूर्ण केला. २००३ मध्ये स्वाक्षरी झालेली आसियानची समान प्रसाधन-निर्देशिका २००८ पासून अमलात आली. बाजारात आणण्यापूर्वी परवाना घेण्याऐवजी सूचना देणे आणि नंतर देखरेख, अशी तिची रचना आहे. दहा देशांत दहा विकासपातळ्या असतानाही ते जमले, याचे कारण वर्ग लहान होता आणि मजकुराचा नमुना युरोपकडून तयार मिळाला होता. दक्षिण आशियात मात्र प्रादेशिक मानक-संघटना स्थापण्याच्या करारावर २००८ मध्ये कोलंबोच्या सार्क परिषदेत स्वाक्षऱ्या झाल्या, ढाक्यात तिचे सचिवालय आले. पण तिथे व्यापाराची खरी अडचण मानकाच्या मजकुरात नव्हतीच, आणि राजकीय संबंध बिघडले की प्रयोगशाळांची यादीही पुढे सरकत नाही. काटामाप यांच्या साखळीत हा दुवा धरलेला नाही.


प्रतिसाद ७
सदस्य: दुसरी बाजू

मसुदा समिती यांच्याशी मी बराच सहमत आहे. एक भर: लहान देशाने मोठ्याची वाट पाहत बसण्याची गरज नसते. स्वित्झर्लंड युरोपीय संघाचा सदस्य नाही, तरी १ जुलै २०१० पासून त्याने ‘कासिस’चे तत्त्व एकतर्फी लागू केले, युरोपात कायदेशीर असलेली वस्तू बहुतांशी तिथेही चालते, आणि खाद्यपदार्थांना आधी परवानगी लागते. शेजाऱ्याकडून सवलत मिळो न मिळो, आपल्या ग्राहकाला माल स्वस्त मिळावा, हा हिशेब त्यामागे होता. स्वित्झर्लंडच्या उत्पादकाला मात्र त्यातून युरोपात काहीच मिळाले नाही, हेही टिपणात लिहावे.


प्रतिसाद ८
सदस्य: जुने दप्तर

स्वित्झर्लंडचा विषय निघालाच आहे, तर त्याच देशाचा पुढचा अनुभवही नोंदवतो, कारण टिपणातील ‘करार झाला की काम झाले’ या गृहीताला तो छेद देतो. युरोपीय संघाशी त्याचा अनुरूपता मूल्यमापनाच्या परस्पर मान्यतेचा करार होता. १९९९ मध्ये स्वाक्षरी, २००२ पासून अंमल. त्यात वैद्यकीय उपकरणांचाही समावेश होता. युरोपने आपले वैद्यकीय उपकरणांचे नियम बदलले आणि नवे नियम २६ मे २०२१ पासून लागू झाले. करारातील ते प्रकरण नव्या नियमांप्रमाणे अद्ययावत करणे आवश्यक होते. पण दोघांमधील व्यापक चौकट-कराराची बोलणी फिसकटली आणि अद्ययावतीकरण झाले नाही. त्या दिवसापासून स्विस उत्पादक या वर्गापुरते परक्या देशातले उत्पादक झाले. त्यांना संघात अधिकृत प्रतिनिधी नेमावा लागला आणि लेबले बदलावी लागली. उपकरणे आदल्या दिवशी होती तीच होती.

म्हणून मसुद्यात आणखी एक कलम घालावे असे सुचवतो: कोणत्याही बाजूने नियम बदलला, तर संयुक्त समितीने ठरावीक मुदतीत करारातील संबंधित यादी सुधारावी, आणि ती सुधारेपर्यंत जुनी प्रमाणपत्रे किती काळ चालतील हे त्या कलमातच लिहिलेले असावे.